चमच्याची जीभ

त्याला सगळी गल्ली चमचा म्हणायची. नव्या माणसाला वाटायचं, हा कुणाच्या तरी मागेमागे करणारा असणार. तसं काही नव्हतं. शर्टाच्या खिशात लोक पेन अडकवतात तिथे हा स्टीलचा एक चमचा अडकवायचा, एवढंच. दुसऱ्याच्या चमच्याला आधीच्या जेवणाची चव चिकटलेली असते, असं त्याचं म्हणणं. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगाने किडकिडीत, आणि चालताना मान पुढे. नाक आधी निघालंय आणि बाकीचा माणूस मागून येतोय, असं वाटायचं.

स्टेशनसमोरच्या लॉजवर उतरलेल्या पाहुण्यांना सकाळी दहाला गोळा करायचं आणि मासळी बाजारामागच्या गल्लीत नेऊन खाऊ घालायचं, हे त्याचं काम. लॉजच्या मालकाने दाराशी एक फळा टांगला होता. वर लिहिलं होतं, ‘या शहरात आलात आणि हे न खाता गेलात, तर आलात कशाला?’ खाली सात गाड्या आणि काय खायचं ते. ही सातही ठिकाणं चमच्याने निवडलेली. दूरदूरच्या देशांतून आलेले लोक त्या फळ्याचे फोटो काढायचे आणि मग फळ्याशेजारी उभ्या असलेल्या चमच्याचेही.

त्याआधी बावीस वर्षं तो डबाबंद खाण्याच्या कारखान्यात होता, चाखणीच्या खोलीत. पांढरा कोट घालायचा, दिवसभर डबे फोडायचे, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचं, थुंकायचं आणि ‘पास’ किंवा ‘नापास’ म्हणायचं. कारखाना दुसरीकडे हलला तेव्हा बाकीचे लोक यंत्रं शिकले होते. याच्याकडे फक्त नाक आणि जीभ होती. ती घेऊन तो गल्लीत आला.

आणि नाक होतंच तसं. पहिल्याच महिन्यात कोपऱ्यावरून येता येता त्याने तळणवाल्याला हाक मारली होती, “काय रे, कालचं तेल आजच्यात ओतलंस ना?”

“आईशप्पथ नाही!” तळणवाला म्हणाला.

मागे पीठ कालवत बसलेली त्याची बायको खो खो हसत सुटली. “घ्या! आता घरच्या गोष्टी रस्त्यातून कळायला लागल्या.”

तेव्हापासून गल्लीत त्याचा दरारा. शेवयावाला, कणसं भाजणारा, पिठाचे गोळे उकडणाऱ्या दोघी बहिणी, सगळे सकाळी त्याची वाट बघायचे. तो यायचा, चमचा काढायचा, डोळे मिटून एक घास घ्यायचा, आणि मग एकच शब्द: “फक्कड.” तो नाही मिळाला तर समजायचं, काहीतरी बिनसलंय. मग मीठ बघा, तेल बदला, पाणी वाढवा.

गल्लीच्या टोकाला मावशीचा गाडा होता. ती कुणाचीच मावशी नव्हती आणि सगळ्यांची होती. सत्तरी ओलांडलेली, हात खरबरीत, आवाज बाजारात ऐकू जाईल असा. ती माशाचा रस्सा आणि भात विकायची, दुसरं काही नाही, आणि चाळीस वर्षं त्याच पत्र्याखाली. चुलीचा धूर ओढून ओढून तिचं नाक दोन वर्षांपासून मंद झालं होतं. हे ती कुणापासून लपवत नव्हती.

“माझं नाक आता नुसतं नथीपुरतं,” ती म्हणायची. “तू हो म्हणालास की मी झाकण काढते, चमच्या. तोवर नाही.”

असं सगळं छान चाललं होतं, आणि मग चमच्याला ताप आला.

ताप आठवडाभर होता, उतरला. नवव्या दिवशी बायकोने आल्याचा चहा करून दिला. त्याने घोट घेतला आणि कपात बघितलं. रंग चहाचा होता, वाफ होती, जीभ भाजली. बाकी काही नाही. गरम पाणी. ‘तोंडाला चव नाही, येईल,’ असं म्हणून तो झोपला. चार दिवसांनी तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला असताना शेजारच्या शेगडीवर दूध उतू जाऊन करपलं, भांडं काळं पडलं, आणि बायको बाहेरून धावत आली तेव्हा हा धुरात बसून पेपर वाचत होता.

“अहो! वास नाही आला?”

“वाचण्यात गुंग होतो,” तो म्हणाला.

त्या दुपारी ती बाहेर गेल्यावर त्याने दार लावलं आणि फडताळातल्या एकेका डब्याचं झाकण उघडून नाक घातलं. लवंग, हिंग, कॉफी. मग रॉकेलची बाटली. मग कांदा कच्चा चावून खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते कांद्याचं होतं की दुसरं कसलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरने बॅटरी मारून आत बघितलं. “तापात असं होतं कधी कधी. येईल परत. किंवा नाही येणार. रोज सकाळी चार ठरावीक वास घेत जा, नाकाला सराव होईल.” त्याने सांगितलं तसं चमचा करत राहिला. लवंग, कापूर, लिंबू, कॉफी. रोज सकाळी चार कोऱ्या पाट्या.

आणि तो कामावर गेला.

इथूनच त्याची खरी चूक सुरू झाली. आजारपण काही कुणाची चूक नसते. पण पहिल्या दिवशी शेवयावाल्याने वाटी पुढे केली, ‘बघा बरं’ म्हणाला, आणि चमच्याने चमचा काढला, डोळे मिटले, नेहमीएवढा वेळ थांबला आणि म्हणाला, “फक्कड.” शेवयावाल्याचा चेहरा उजळला. किती सोपं होतं! झाकली मूठ सव्वा लाखाची. बावीस वर्षांची आणि वर गल्लीतल्या सहा वर्षांची आठवण त्याच्या डोक्यात होती. कुठल्या गाड्यावर काय सांगायचं, कुठे ‘आधी आंबट, मग मागून तिखट’ म्हणायचं, सगळं पाठ होतं. पाहुणे खाताना तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि त्यावरून बोलायचा. कढईचा आवाज ऐकून तेलाचा अंदाज करायचा. कधी कधी तर त्याला स्वतःलाच वाटायचं, चव लागतेय.

बायकोला मात्र दोन महिन्यांत कळलं. जेवताना त्याने पूर्ण ताट संपवलं आणि सवयीने म्हणाला, “भाजी फक्कड झालीय.”

तिने आपल्या ताटातली तशीच उरलेली भाजी दाखवली. “मी मुद्दाम दोनदा मीठ घातलं होतं. मला तर एक घास गिळवला नाही.”

त्याने रिकामं ताट बाजूला सरकवलं.

“कधीपासून?”

“तापापासून.”

“सांगा लोकांना.”

“सांगून काय? स्वतःच्याच पोटावर पाय मारून घेऊ? वास न येणारा माणूस लोकांना खायला घेऊन फिरतो, असं कोण ठेवून घेईल मला?”

“पाय तुमच्या पोटावर येईल हे कबूल,” ती म्हणाली, “पण खाणारी पोटं दुसऱ्यांची आहेत.”

तो हात धुवायला उठला. पुढे सहा महिने या विषयावर दोघं बोलली नाहीत. ती त्याला फक्त प्रत्येक जेवणाला सांगायची, आज आमटीत चिंच जास्त पडलीय, आज भात किंचित लागलाय. तो ‘हं’ म्हणायचा.

उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर ती सकाळ उगवली. आदल्या दिवशी बर्फाच्या कारखान्यातली वीज गेली होती आणि बाजारात बर्फ दोन तास उशिरा पोचला होता. गल्लीच्या तोंडाशी गटार फुटलेलं. त्या दिवशी चमच्याबरोबर सहा पाहुणे होते. त्यांत एक साठीची, पांढऱ्या आखूड केसांची बाई होती, एकटीच फिरायला निघालेली. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले आणि उड्या मारत गटार ओलांडलं. चमचा गटाराशेजारीच थांबून त्यांना गल्ली दाखवत होता.

मावशीने त्याला बघताच हाताने बोलावून बाजूला घेतलं.

“बरं झालं आलास. अरे, आज मासा मला जरा संशयाचा वाटतोय. डोळे बघितले तेव्हा ठीक होते, पण कापताना हाताला मऊ लागला. बर्फ उशिरा आला ना. मला नाकाने काही कळत नाही. तू बघ. तुला जरा जरी शंका आली तर सांग, मी पातेलं ओतून देते गटारात. एका दिवसाचं काय मोठंसं.”

तिने झाकण उचललं. वाफ चमच्याच्या तोंडावर आली. तो वाकला, नाकाने दीर्घ श्वास ओढला. मग चमचा बुडवून रस्सा जिभेवर घेतला. गरम होता. डोळे मिटून तो उभा राहिला.

त्या चार-पाच सेकंदांबद्दल त्याने नंतर बायकोला सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘मला माहीत होतं की मला माहीत नाही.’ मागे सहा पाहुणे बघत होते, एकाने फोटोसाठी फोन वर धरला होता. समोर मावशी त्याच्या तोंडाकडे बघत होती, निकालाची वाट बघावी तशी. ‘मला कळत नाही’ हे तीन शब्द होते. ‘फक्कड’ हा एकच होता. आणि तो तोंडात तयारच होता.

“फक्कड,” तो म्हणाला.

“हुश्श!” मावशीने कपाळाचा घाम पुसला. “म्हातारपणी उगीच शंका येतात बघ.” आणि तिने वाट्या मांडल्या.

संध्याकाळपर्यंत अकरा जणं आडवी झाली. सहापैकी पाच पाहुणे, बाजारातले चार हमाल, गल्लीच्या मागच्या शाळेतले एक मास्तर, आणि उकडीच्या गोळेवाल्यांपैकी धाकटी बहीण. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. दहा जणं एक-दोन दिवसांत उठली. ती पांढऱ्या केसांची बाई मात्र इस्पितळात सलाइनवर राहिली. चमच्याला स्वतःला काही झालं नाही. त्याने चमचाभरच तर घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य खात्याचे साहेब आले. गाड्याभोवती ही गर्दी. चमचा त्या गर्दीत तिसऱ्या रांगेत उभा होता. त्याला वाटत होतं, आता मावशी बोट दाखवणार, आता आपलं नाव घेणार, याने चाखलं, याने हो म्हटलं. तिने तसं म्हटलं असतं तर ते खरंच होतं.

“आजी, वाढायच्या आधी कुणी बघितलं नव्हतं का?” साहेबांनी विचारलं.

मावशीने मान वर केली. गर्दीत तिला चमचा दिसला असणार. निदान त्याला तसं वाटलं, कारण तिची नजर क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

“रस्सा माझा,” ती म्हणाली. “हात माझा. दुसऱ्या कुणाचा काय संबंध?”

साहेबांनी गाड्याला कुलूप घातलं, पत्र्यावर कागद चिकटवला. कुणीतरी म्हणालं, “म्हातारीला आता दिसत नाही, कळत नाही, तरी हट्ट सुटत नाही.” चमच्याच्या शेजारून एका बाईचा थकलेला आवाज आला, “हात तरी धुते का कोण जाणे.” मावशी पदर सावरून लोकांमधून वाट काढत गेली. तिच्यासाठी लोक बाजूला झाले, पण मान म्हणून नाही. चमचाही बाजूला झाला. ती त्याच्या इतक्या जवळून गेली की तिचा पदर त्याच्या हाताला लागला. तो खाली बघत राहिला.

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ. लॉजच्या मालकाने त्याला बोलावून घेतलं. “त्या फळ्यावरून तिचं नाव काढून टाक बाबा. धंद्याचा प्रश्न आहे.” चमच्याने स्टूल आणलं, वर चढला आणि ओल्या फडक्याने मावशीचा गाडा पुसला. सहा वर्षांत फळ्यात मुरलेलं खडूचं अक्षर सहज जात नव्हतं. दोनदा घासावं लागलं. खाली उभ्या असलेल्या दोन नव्या पाहुण्यांनी विचारलं, हे का पुसताय? तो स्टुलावरूनच म्हणाला, “वय झालं बिचारीचं. आता जमत नाही तिला.”

बोलला आणि कानाच्या पाळ्या तापल्या. जिभेला हाड नसतं म्हणतात. याच्या जिभेला तर चवही नव्हती, आणि तरी ती एवढं बोलून गेली.

चौथ्या दिवशी तो इस्पितळात गेला. स्वतःहून गेला म्हणावं तर तसं नाही. लॉजच्या मालकाने फळांची पिशवी देऊन पाठवलं होतं. पांढऱ्या केसांची बाई उशाला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण डोळे तल्लख. ती स्वतः तिच्या देशात तीस वर्षं परिचारिका होती, हे तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. दोघं मोडक्यातोडक्या, दोघांच्याही नसलेल्या भाषेत बोलायची.

त्याने फार वाईट वाटल्याचं सांगितलं. म्हातारी बाई आहे, चुकून झालं, असंही सांगितलं.

तिने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, “त्या दिवशी गटार फुटलं होतं. आम्ही सगळ्यांनी नाक दाबलं. तुम्ही नाही दाबलं.”

“सवय आहे आम्हाला.”

“सवय असलेल्या हमालांनीही दाबलं होतं. तुम्ही त्या घाणीशेजारी उभं राहून आम्हाला सांगत होतात की हवेत भाजलेल्या कणसांचा वास कसा सुटलाय बघा.” ती थांबली. “मी असे खूप रुग्ण बघितलेत. तुम्हाला वास येईनासा होऊन किती दिवस झाले?”

चमच्याच्या हातातून पिशवी निसटली. एक संत्रं घरंगळत खाटेखाली गेलं. ते काढायच्या निमित्ताने तो वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ खाटेखाली राहिला.

वर आला तेव्हा ती म्हणाली, “मी कुणाला सांगणार नाही. मी गुरुवारी जातेय. मी बरी होईन, मला राग नाही. पण तुम्ही त्या बाईंना चाखून दाखवलंत ना? मी बघितलं. त्यांना हे माहीत आहे?”

त्याने मान हलवली. नाही.

“मग त्या काय समजत असतील?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भिंतीकडे तोंड केलं. दमली होती.

हा प्रश्न घेऊन चमचा फिरत राहिला. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. रोज सकाळी पाहुणे घेऊन गल्लीत जायचं, आता सहाच गाड्या, रोज सहा वेळा फक्कड. कुलूप लावलेल्या गाड्यापाशी तो चालण्याचा वेग वाढवायचा. बायको एकदाच म्हणाली, “तुम्ही आरशात बघायचं सोडलंत. दाढी करताना दोन ठिकाणी कापून घेतलंय.”

महिना उलटला, वर दहा दिवस झाले, तेव्हा एका दुपारी तो मावशीच्या दाराशी उभा राहिला. एका खोलीचं घर. मावशी खिडकीपाशी सुपात तांदूळ निवडत होती. तिची सून शिवणाचं यंत्र चालवत होती.

“ये रे, चमच्या,” मावशी म्हणाली. “बस. चहा टाक गं.”

“चहा नको. मावशी, मला वास येत नाही.”

“सर्दी झालीय?”

“नाही. नऊ महिने झाले. तापात गेला. चवही कळत नाही. त्या दिवशी मी जे चाखलं ते मला कळलंच नव्हतं.”

यंत्र थांबलं. मावशीने सूप खाली ठेवलं.

“मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता, अगदी हळू होता. “संशय आहे म्हणाले होते. ओतून देते म्हणाले होते.”

“हो.”

“आणि तू डोळे मिटलेस.”

“हो.”

“चाळीस दिवस,” मावशीने स्वतःचे दोन्ही तळवे वर धरले. “चाळीस दिवस मी हे हात राखेने घासतेय. मला वाटलं, चमच्याची जीभ खोटं बोलणार नाही, म्हणजे मासा चांगला होता, म्हणजे घाण माझ्याच हाताची. झाकण काढल्यावर माझ्याच हातून काहीतरी पडलं. मी सुनेला रोज विचारते, माझ्या हाताला वास येतो का गं? रोज विचारते!”

सून यंत्राकडे बघत होती. तिने होय म्हणून मान हलवली.

चमचा जमिनीवर बसला आणि त्याने मावशीच्या पायांकडे हात नेले. तिने पाय आखडून घेतले.

“माझ्या पाया पडू नकोस. मला काय करायचंय तुझं डोकं पायावर घेऊन? तू एकटा आलास, दुपारी आलास, गल्ली झोपलेली असताना आलास. मी मान खाली घातली ती चार भिंतींत नाही घातली. जा. जिथं माझं नाक कापलं गेलं तिथं जाऊन बोल.”

त्याने तसं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दीच्या वेळी, पाहुण्यांना लॉजवरच ठेवून तो एकटा गल्लीत आला. भाषण करता येत नव्हतं, म्हणून तो एकेका गाड्यापाशी जाऊन सांगणार होता. पण पहिल्याच गाड्यापाशी, तळणवाल्याला सांगताना आवाज चढला आणि सगळे जमले.

तळणवाल्याने सगळं ऐकून घेतलं, झारा खाली ठेवला. मग म्हणाला, “एक मिनिट. म्हणजे गेले नऊ महिने तू माझ्या तेलाला जे फक्कड म्हणत होतास...”

“मला काही कळत नव्हतं.”

“अरे, मी मधे महिनाभर भलतंच तेल वापरलं! तू काही बोलला नाहीस म्हणून म्हटलं, चालतंय!”

त्याच्या बायकोला हसू फुटलं, आणि ते हसू गल्लीभर पसरलं. शेवयावाल्याने कपाळावर हात मारला. त्याने मसाल्यातल्या दोन गोष्टी हळूहळू वगळल्या होत्या, चमच्याला पसंत आहे असं समजून. लोक हसत होते, आणि चमच्याला वाटत होतं की त्यापेक्षा कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग गोळेवाली धाकटी बहीण पुढे आली. ती त्या दिवशी आजारी पडलेल्यांपैकी. ती हसत नव्हती.

“काका, मावशीला कुलूप लागलं तेव्हा तुम्ही इथेच होतात. माझ्या शेजारी उभे होतात.”

“होतो.”

“मी म्हणाले होते, हात तरी धुते का कोण जाणे. तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं.”

“माझ्या तोंडून ते पाप करून घेतलंत तुम्ही,” ती म्हणाली आणि आपल्या गाड्याकडे परत गेली. हसणं तिथेच थांबलं.

तो तिथून तसाच आरोग्य खात्याच्या कचेरीत गेला आणि साहेबांपुढे सगळं लिहून दिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. “हे आधी का नाही सांगितलंत?” चमच्याने कागदाखाली सही केली.

लॉजवरचं काम त्याच दिवशी सुटलं. मालकाने फळा उतरवून जिन्याखाली उभा करून ठेवला. बरेच दिवस चमचा घरी बसून होता. मग ज्या इस्पितळात तो फळं घेऊन गेला होता त्याच इस्पितळाच्या धुलाईखान्यात माणूस हवाय असं कळलं. रुग्णांच्या चादरी, रक्ताचे, घाणीचे कपडे; तिथे कुणी आठवडाभर टिकत नसे. मुकादमाने त्याला आत नेलं, दहा मिनिटं उभं केलं आणि तोंडाकडे बघत राहिला. चमच्याच्या कपाळाला आठी पडली नाही.

“वास नाही येत?” मुकादमाने विचारलं.

“नाही येत.”

“वा! देवानेच पाठवला,” मुकादम म्हणाला. तापानंतर नोकरीसाठी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर, आणि ते ऐकून चमच्याला पुन्हा एकदा मान खाली घालावीशी वाटली.

मावशीचा गाडा दोन महिन्यांनी उघडला. आता सून रांधते, मावशी शेजारी स्टुलावर बसून आरडाओरडा करते. सून स्वतः वास घेते, आणि शंका आली की पातेलं ओततात. चमचा धुलाईखान्यातून येता-जाता त्या गल्लीने जातो. मावशी त्याच्याशी बोलते, नाही असं नाही. ऊन फार आहे, बायको कशी आहे, इतपत. पूर्वी ती त्याला चमच्या म्हणून हाक मारायची. आता नुसतं ‘काय हो’ म्हणते. तो ‘हो’ त्याला रोज थोडं लांब ढकलतो, आणि हे आपणच कमावलंय हे त्याला कळतं.

जुनी गिऱ्हाइकं अर्धी परत आली. शाळेतले मास्तर आले नाहीत. कारण अफवेला पाय असतात आणि कबुलीला काठी लागते. अकरा जणं आजारी पडली हे शहरभर गेलं होतं. चूक कुणाची ते गल्लीबाहेरही नीट गेलं नाही. न्हाव्याकडे, नळावर, बसमध्ये अजून कुणीतरी म्हणतंच, ‘तीच ना म्हातारी, जिच्याकडे लोकांना बाधलं?’ आणि चमचा तिथे असला तर त्याला बोलावं लागतं. सुरुवातीला बायको कोपराने ढोसायची, “कितीदा सांगणार? दरवेळी नव्याने लाज काढून घेता स्वतःची.” आता ढोसत नाही.

परवा बसथांब्यावर असंच झालं. एक पिशवीवाला गृहस्थ एका प्रवासी जोडप्याला शहराची माहिती देत होता. हे खा, ते खा, तिकडे अमुक मिळतं. मासळी बाजारामागे मात्र जाऊ नका, तिथे एक रस्सेवाली आहे, तिच्याकडे मागे विषबाधा झाली होती. चमचा बाकावर बसला होता. चौदा तासांची पाळी करून आलेला, पाय सुजलेले. बस येताना दिसत होती. तो उठला.

“माफ करा,” तो म्हणाला. “ती चूक तिची नव्हती. माझी होती. मी तेव्हा तिथे चाखायचं काम करत होतो, आणि मला चव कळत नव्हती, आणि मी ते लपवलं.”

पिशवीवाल्याने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. “बरं, बरं,” तो म्हणाला, आणि जोडप्याला हात करून बसमध्ये चढवलं. जोडप्यातल्या बाईने वळून एकदा चमच्याकडे बघितलं. तिला किती कळलं, देव जाणे. बस भरली होती, चमच्याला जागा नव्हती. तो कान लाल करून थांब्यावर उभा राहिला आणि पुढच्या बसची वाट बघू लागला.